बेटावरचा कुंभार टपालावर जगतो

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड, पश्चिमेला हेब्रिडीज. या बेटांवर जागोजागी लहान लहान स्टुडिओ आहेत. जुन्या गोठ्याची डागडुजी करून काढलेली एखादी खोली, तिच्यात एक चाक आणि एक विजेची भट्टी, खिडकीपाशी मांडलेले मग, वाडगे, बशा, आणि दाराजवळ ग्रीटिंग कार्डांचा फिरता स्टँड. काही ठिकाणी तर दुकानात माणूसही नसतो. पैसे टाकायला पत्र्याचा डबा ठेवलेला असतो आणि गिऱ्हाइकाच्या सचोटीवर कारभार चालतो. पर्यटनाच्या मासिकांत या स्टुडिओंवर जे छापून येतं त्याचा साचा ठरलेला आहे: शहराला कंटाळलेलं जोडपं, ग्लेझमध्ये उतरलेला समुद्राचा निळा, वारा, एकांत आणि हाताने घडवण्यातलं समाधान. यातलं काही खोटं नाही. पण या चित्रातून एक माणूस हटकून सुटतो, तो म्हणजे लाल गाडीतून येणारा पोस्टमन. बेटावरची ही कारागिरी जितकी हातांनी घडवली तितकीच एका सरकारी दराने घडवली, असं माझं म्हणणं आहे. पत्र शेजारच्या गावात जावो की आठशे किलोमीटरवरच्या लंडनला, तिकीट तेच, असा तो दर. उद्या तो गेला तर समुद्र, वारा, चाक, भट्टी सगळं जागच्या जागी राहील. स्टुडिओ राहणं कठीण.

आधी वजनाचा हिशेब पाहू, कारण बेटावर सगळं त्याच्यावर ठरतं. ब्रिटनमधले बहुतेक स्टुडिओ कुंभार माती खणून आणत नाहीत, विकत घेतात. ती साडेबारा किलोच्या प्लास्टिकच्या थैल्यांत येते आणि तिचा मोठा बाजार इंग्लंडच्या मध्यावर, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरात आहे. चाळीस थैल्या म्हणजे अर्धा टन. हा माल ट्रकने शेकडो किलोमीटर उत्तरेला येतो, फेरीबोटीवर चढतो, उतरतो आणि मग स्टुडिओच्या दारात पडतो. चाकावर चढवण्याजोग्या मऊ मातीत पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त पाणीच असतं; म्हणजे जिथे बारा महिने पाऊस पडतो त्या बेटावर कुंभार बोटीचं भाडं मोजून पाणी आणतो. वाळताना आणि भाजताना स्टोनवेअरची माती दहा-बारा टक्के आकसते. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, ग्लेझ चढवल्यावर दुसरी साडेबाराशेच्या पुढेमागे. दर टप्प्यावर काही नग जातात: कपाचा कान सांध्यातून उकलतो, तळाला नागमोडी भेग पडते, ग्लेझ ओघळून भट्टीतल्या फळीला चिकटतं. यातून वाचलेला मग साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पण त्याचं पार्सल तेवढ्यात होत नाही. कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा, पोटात दुसरा, भोवती गुंडाळी, मग खोकं, खोक्यात चारी बाजूंनी भराव. वजन दुपटीच्या घरात जातं आणि जागा चौपट-पाचपट लागते. एवढं करूनही तो फुटू शकतो, आणि फुटला की नवा मग, नवं खोकं आणि नवं तिकीट कुंभाराच्या खिशातून जातं.

आता कार्ड पाहा. पाकिटासकट वीस-पंचवीस ग्रॅम. फुटत नाही, आकसत नाही. ब्रिटनची टपालसेवा म्हणजे रॉयल मेल; तिच्या लेखी पत्र म्हणजे २४ सेंटिमीटर लांब, साडेसोळा रुंद, पाच मिलिमीटर जाड आणि वजनाला शंभर ग्रॅमच्या आत. पोस्टाच्या खिडकीवर प्लास्टिकची एक मापपट्टी असते. तिच्या फटीतून पाकीट सरकलं तर ते पत्र. अडकलं तर मोठं पत्र, आणि त्याचा दर वेगळा. कार्डाच्या धंद्यात मुरलेला माणूस कागदाचा आकार ठरवताना आधी ही फट बघतो आणि मग चित्राकडे वळतो. मातीकाम करणाऱ्याला हमखास सुचतं की चिनी मातीचा चपटा मासा किंवा पान करून कार्डावर बसवावं. कल्पना चांगली आहे, पण त्या माशाची जाडी अखेर पाच मिलिमीटरची ती फट ठरवते. बेटावरून निघणाऱ्या वस्तूंच्या रूपात टपालखात्याचा हात असा अगदी शब्दशः दिसतो.

मातीकामात पैसा गठ्ठ्याने अडकतो, हेही ध्यानात घ्यावं लागेल. भट्टी अर्धी भरून पेटवली तरी वीज जवळजवळ तेवढीच जळते, म्हणून ती पुरती भरेपर्यंत थांबावं लागतं. दमट हिवाळ्यात भांडी लवकर वाळत नाहीत, आणि घाईने वाळवली तर तडकतात. माती विकत घेतल्यापासून पहिला मग विकला जाईपर्यंत आठवडे जातात. गॅलरीत ठेवलेला माल बहुधा विकला गेला तरच पैसे या बोलीवर असतो आणि त्यातली चाळीस-पन्नास टक्के रक्कम गॅलरीची. कार्डाचं तसं नाही. मोठ्या शहरातलं दुकान सहा-सहाच्या गड्डीत कार्डं घाऊक घेतं, साधारण निम्म्या किमतीला, पण घेतं ते कायमचं. नाताळ, मातृदिन, वाढदिवस, कुणाच्या घरचं दुःख, असा त्याचा हंगाम वर्षभर चालू राहतो. त्यामुळे भट्टी भरण्याची वाट बघण्याच्या काळात घरखर्च कार्ड चालवतं. फिरत्या स्टँडवरची ती कार्डं पाहुण्याला जोडधंदा वाटतात. हिशेबाच्या वहीत बहुधा तीच कणा असतात.

यावर मातीकामातले सोवळे लोक नाक मुरडतात. कार्ड छापखान्यात छापलेलं, त्यात हाताचं काय? अस्सल कुंभाराने भांडी करावीत, जास्त किंमत लावावी आणि मोजक्या जाणत्यांना विकावीत. म्हणायला हे ठीक, पण ज्या थोर कुंभारांची नावं घेऊन असं बोललं जातं त्यांचा व्यवहार वेगळंच सांगतो. १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आलेल्या लूसी री यांच्या वाडग्यांना आज लिलावात मोठ्या किमती येतात. चाळीसच्या दशकात त्यांची चूल पेटत होती ती कपड्यांच्या चिनी मातीच्या बटणांवर, आणि हान्स कोपर त्यांच्या कार्यशाळेत आले तेही बटणांच्या कामाला हातभार म्हणून. बर्नार्ड लीच यांनी १९२० मध्ये शोजी हमादा यांच्यासोबत कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला भट्टी घातली. कॉर्नवॉल बेट नव्हे, पण लंडनपासून इतकं दूरचं टोक की अडचणी बेटाच्याच. जपानी पद्धतीने लाकडावर भाजायचं ठरलं, तर त्या भागात लाकडाचा दुष्काळ. १९३७ मध्ये भट्टी तेलावर न्यावी लागली. नंतरच्या काळात लीच पॉटरीचा संसार ज्यावर चालला ती रोजच्या वापरातली ठरावीक घाटाची भांडी होती, छापील माहितीपत्रक पाठवून टपालाने मागणी घेतलेली. ‘अ पॉटर्स बुक’ हा १९४०चा त्यांचा ग्रंथ जगभरच्या कुंभारांनी पोथीसारखा वाचला; त्याच्या बरोबरीने ते माहितीपत्रकही वाचायला हवं होतं. लहान, स्वस्त, सहज पाठवता येणारी वस्तू मोठ्या कामाला पोसते, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. बेटावर त्या वस्तूचं नाव ग्रीटिंग कार्ड, इतकंच.

भांडं आणि कार्ड यांची सोयरीक पहिल्यांदा एकाच माणसाच्या आयुष्यात दिसते आणि तो माणूस टपाल सुधारणेतला कार्यकर्ता होता, हा योगायोग मला वाटत नाही. हेन्री कोल. रोलंड हिल यांच्या पेनी पोस्टच्या चळवळीत आणि नंतर ती अमलात आणण्याच्या कामात ते होते. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनभर हलक्या पत्राला एक पेनी हा दर लागू झाला. तीन वर्षांनी, १८४३ च्या नाताळात, कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि शिलिंगाला एक अशा विकायला काढल्या. नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र म्हणून ते ओळखलं जातं. १८४६ मध्ये त्याच कोल यांनी ‘फेलिक्स समर्ली’ या टोपणनावाने चहाच्या भांड्यांचा एक संच रेखला. तो मिंटनच्या कारखान्यात तयार झाला आणि सोसायटी ऑफ आर्ट्सचं पारितोषिक मिळवून गेला. पुढे कोल साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. त्या वर्तुळातून एक वाट थेट मुंबईला येते: तरुणपणी स्टॅफर्डशरच्या भांड्यांच्या कारखान्यात काम केलेले लॉकवुड किपलिंग साउथ केन्सिंग्टनहून १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेत आले, आणि त्याच शाळेत पुढे जॉर्ज टेरी यांनी भांड्यांची कार्यशाळा उभी केली. ‘बॉम्बे पॉटरी’ म्हणून संग्राहक आज जिच्या मागे असतात ती इथली.

हिल यांचा युक्तिवाद मुळात काय होता हे नीट समजून घेतल्याशिवाय आजच्या वादाचा उलगडा होत नाही. १८४० च्या आधी पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत. हिल यांनी १८३७ च्या आपल्या पुस्तिकेत हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग आहे. महाग पडत होतं ते अंतर मोजणं, आकार लिहिणं, दारोदार वसूल करणं. म्हणजे एक दर हे दानधर्माचं खातं नव्हतं. हिशेबच तसा होता. इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. हिल यांचा एक पेनीचा दर मूळ प्रस्तावात टपाल-शहरांपुरता होता. तिथून आडगावी पत्र पोचवण्याचा खर्च वेगळा धरावा आणि तो ज्याचा त्याने सोसावा, असं त्यांचं मत होतं. हिल यांचं ऐकलं असतं तर हेब्रिडीजमधल्या झोपडीला पेनीत पत्र आलं नसतं. संसदेने त्यांच्या पुढे जाऊन सरसकट एक दर ठेवला. आणि देशातल्या प्रत्येक घराच्या दारात टपाल पोचवण्याचं आश्वासन यायला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, म्हणजे १८९७ साल उजाडलं. दोन वेगळे निर्णय, त्यांच्यामध्ये सत्तावन्न वर्षं. पहिल्याला अर्थशास्त्राचा आधार होता. दुसरा उघड उघड राजकीय होता, आपण एक समाज आहोत असं मानणाऱ्या लोकांनी घेतलेला. बेटावरचा स्टुडिओ उभा आहे तो दुसऱ्या निर्णयावर.

त्या आधी बेटावर कुंभारकाम नव्हतं काय? होतं, आणि त्याचं पुढे काय झालं हेच माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ल्यूइस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बार्वस नावाचं गाव आहे. तिथल्या बायका एकोणिसाव्या शतकातही चाकाशिवाय भांडी घडवत. माती जवळपासची, खडे वेचून मळलेली. भांडं हाताने वर चढवत न्यायचं, वाळवायचं, आणि दलदलीतून कापून सुकवलेल्या पीटच्या जाळात भाजायचं. गरम असतानाच त्यावर दूध ओतायचं, म्हणजे अंगची भोकं बुजून भांडं गळत नाही. ग्लेझ नाही, भट्टीही नाही. या भांड्यांना ‘क्रॅगन’ म्हणत. सर आर्थर मिचेल यांनी बार्वसला ती घडवताना पाहून ‘द पास्ट इन द प्रेझेंट’ या १८८० च्या पुस्तकात वर्णन केलं, आणि वाचकांना बजावलं की ओबडधोबड भांडं दिसलं की ते प्राचीनच असेल असं धरून चालू नका. मग आगबोटी नियमित येऊ लागल्या. त्यांच्यासोबत स्टॅफर्डशरची स्वस्त पांढरी भांडी आली, आणि कुतूहलाने बघायला पाहुणे आले. स्वयंपाकघरातून क्रॅगन हटलं. बार्वसच्या बायकांनी मग काय करावं? पाहुण्यांसाठी त्याच काळ्या-तपकिरी मातीत कपबशा, किटल्या, साखरेची भांडी, असे चहाचे अख्खे संच घडवायला घेतले, कारखान्यातल्या चिनी मातीची हुबेहूब नक्कल, फक्त पीटच्या धुरात भाजलेली. हे संच आज संग्रहालयांत आहेत आणि बघताना हसावं की हळहळावं कळत नाही. बेटावरच्या कारागिराने पर्यटकासाठी माल करणं हे काही आजचं फॅड नव्हे, हे त्यावरून कळतंच. पण दुसरंही कळतं. बार्वसची भांडी जड, ठिसूळ आणि कमी भाजलेली. बोटीवरून उतरलेल्या माणसाने हातात धरून नेली तरच जाणार. दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत ती पोचण्याचा मार्ग नव्हता. विसाव्या शतकात ती कला संपली. त्याच बेटांवरचं हॅरिस ट्वीड मात्र टिकलं. कापड घडी करून पाठवता येतं, फुटत नाही, आणि १९९३ च्या कायद्याने त्याला संरक्षणही आहे: बाह्य हेब्रिडीजमध्ये, रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच ते हॅरिस ट्वीड. मातीच्या भांड्याला असा कायदा नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: हा सगळा जुना इतिहास, इंटरनेटने अंतर संपवलं. मागणी नोंदवण्यापुरतं संपवलं, हे खरं. ऑर्कनीतला स्टुडिओ आज ब्रिस्टलच्या गिऱ्हाइकाला रात्री दोन वाजताही माल दाखवू शकतो. पण मग तारेतून जात नाही. इंटरनेटने बेटावरचा धंदा टपालावर अधिक विसंबून ठेवला. पूर्वी जे गिऱ्हाईक स्वतः येऊन पिशवीत घालून नेत असे ते आता घरपोच मागतं, आणि बड्या कंपन्यांनी लावलेल्या सवयीमुळे फुकट घरपोच मागतं. रॉयल मेलला सार्वत्रिक सेवेच्या अटीमुळे देशभर एक दर ठेवावा लागतो. खासगी कुरिअरना तशी सक्ती नाही. बाह्य हेब्रिडीजचा एचएस, शेटलंडचा झेडई, ऑर्कनीचा केडब्ल्यू, ही पिनकोडची अक्षरं दिसली की अनेक कंपन्या जादा आकार लावतात किंवा माल पाठवतच नाहीत. गंमत म्हणजे मुख्य भूमीवर, रस्त्याने जोडलेल्या इन्व्हर्नेसलाही कित्येकदा हाच न्याय लागतो. खासगी बाजारावर सोडलं तर बेटाचं काय होतं हे पाहायला कल्पना लढवण्याची गरज नाही, हे जादा आकार पुरेत. परदेशची कथा आणखी वेगळी. युरोपीय संघाचे उत्पादन-सुरक्षेचे नवे नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. संघात माल पाठवायचा तर तिथे जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. कारखान्याला ते कागदपत्र झेपतात, एकट्या बाईच्या स्टुडिओला चार वाडग्यांसाठी झेपत नाहीत, आणि बऱ्याच लहान विक्रेत्यांनी तिकडची विक्रीच थांबवली. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली. त्याच सुमारास आपल्या डाक खात्यानेही अमेरिकेची बहुतेक पार्सलं काही काळ थांबवली होती; दिवाळीचा फराळ पाठवू पाहणाऱ्या मराठी घरांना ते चांगलं आठवत असेल. इंटरनेटवर जग जवळ आलं ते असं.

दुसरा आक्षेप पर्यटकांचा. लोक बेटावर स्वतःहून येतात, त्यांना विकावं, टपालाची कटकट कशाला? ऑर्कनीच्या कर्कवॉल बंदरात क्रूझ जहाजं मोठ्या संख्येने लागतात. एकेका जहाजातून हजारो माणसं उतरतात. पण ती उतरतात काही तासांसाठी, त्यांना बसने उभ्या दगडांची प्राचीन वर्तुळं आणि स्कारा ब्रेची वस्ती बघायची असते, आणि सामानाची मर्यादा डोक्यात असते. सुरई उचलून पाहतात, खाली ठेवतात आणि कार्ड घेतात. पाहुणा बेटावरून नेतो ते कार्ड. त्याच्या मागे छापलेल्या पत्त्यावरून सुरईची मागणी पुढे कधीतरी टपालाने येते. शिवाय पर्यटक स्वतः बोटीवर अवलंबून. अरन बेटासाठी बांधायला घेतलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही फेरीबोट २०१८ मध्ये यायची होती. ती जानेवारी २०२५ मध्ये धावू लागली, आणि तोवरच्या काळात जुन्या बोटी बिघडल्या की आरक्षणं रद्द होत राहिली. २००८ पासून हेब्रिडीजच्या मार्गांवर प्रवासी आणि मोटारींचं भाडं तेवढ्याच अंतराच्या रस्त्यावरच्या प्रवासखर्चाइतकं ठेवायची चांगली योजना आली, पण मोठ्या मालवाहू गाड्यांची सवलत २०१२ मध्ये काढली गेली. म्हणजे मग विकत घेणारा स्वस्तात येतो, त्या मगाची माती महागात. बोट, हवामान आणि चार महिन्यांचा उन्हाळा यांवर धंदा बांधला की ऑक्टोबर ते मार्च काय खायचं हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. कुणी हौसेने बेटावर राहायला जातो, तिथे कुंभारकाम करतो, तर लीड्समधल्या भाडेकरूने आपल्या तिकिटातून त्याचा खर्च का उचलावा? हिल यांचा छत्तिसाव्या भागाचा हिशेब इथे कामाला येत नाही. शेटलंडमधल्या लेरविकच्या शेवटच्या घरापर्यंत जाणारी गाडी रिकामी असो की भरलेली, खर्च तोच, आणि पत्रं घटत चालली आहेत. ब्रिटनमध्ये २००४-०५ च्या सुमारास वर्षाला दोन हजार कोटी पत्रं वाटली जात, ती आता सातशे कोटींच्याही खाली आली आहेत. दरपत्री खर्च वाढणारच. मी दोन उत्तरं देईन. एक म्हणजे हा भार एकाच दिशेने वाहत नाही. शहरातल्या कंपन्या बेटांवर बिलं, औषधं, निवडणुकीची पत्रकं, कपडे पाठवतात ते याच दराने. एक दर हा बेटावर राहणाऱ्यापेक्षा बेटाशी व्यवहार करणाऱ्या सगळ्यांना सोयीचा आहे. दुसरं असं, की हौसेचा मुद्दा खरा मानला तरी तो थोड्यांना लागू. जिथे शाळा पटसंख्येवर तगून आहे त्या दोन-तीनशे वस्तीच्या बेटावर दोन मुलांचं एक कुटुंब राहणं हा हौसेचा मामला नसतो. मासेमारीत आणि शेतीत सर्वांना काम नाही. घरबसल्या करता येण्याजोगे आणि टपालाने बाहेर पाठवता येण्याजोगे धंदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत हा एक आहे. तिथे राहणाऱ्यांना राहू द्यायचं नसेल तर तसं सरळ म्हणावं. तिकिटाच्या दराआडून म्हणू नये.

तरीही टपाल होतं तसंच राहावं असं म्हणणं अडाणीपणाचं ठरेल, आणि इथे बेटवासीयांच्या नेहमीच्या तक्रारींशी माझा थोडा मतभेद आहे. जुलै २०२५ पासून नियामक ऑफकॉमने रॉयल मेलला दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड आणि शनिवार वगळून वाटायची मुभा दिली. यावर बरीच ओरड झाली. पण कार्ड करणाऱ्या स्टुडिओला वेग फारसा लागत नाही. वाढदिवसाचं कार्ड दोन दिवस आधी टाकता येतं, आणि सहा आठवडे भट्टीची वाट पाहिलेल्या मगाला आणखी दोन दिवसांनी काही होत नाही. मारतो तो दर. पहिल्या वर्गाचं तिकीट २०२० मध्ये ७६ पेन्सना होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेन्स झालं. तीन पौंडांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या कार्डाला त्याच्या निम्म्याहून जास्त किमतीचं तिकीट. दुसऱ्या वर्गाचं तिकीट त्याच वेळी ८७ पेन्सना होतं, आणि ते परवडण्याजोगं होतं. म्हणून वेग सोडावा आणि एक दर धरून ठेवावा. आठवड्यातून दोनदा टपाल आलं तरी बेट जगेल. अंतरावर आकार लावला तर नाही. आजची चर्चा नेमकी उलटी चालते: वेगाचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, दंडही वेग चुकल्याबद्दल होतात, आणि एक दर जणू कायमच राहणार असं धरलं जातं.

तो कायम राहतोच असं नाही, हे डेन्मार्कने दाखवलं आहे. तिथे २००० साली १४० कोटी पत्रं होती, २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. सार्वत्रिक सेवेची सक्ती कायद्यातून काढली गेली, लाल पत्रपेट्या उचलल्या गेल्या, आणि ३० डिसेंबर २०२५ रोजी पोस्टनॉर्ड या सरकारी कंपनीने शेवटचं पत्र वाटलं. चारशे वर्षांची सेवा थांबली. ज्या देशात १९०४ मध्ये आयनार होल्बोल नावाच्या टपाल कारकुनाच्या कल्पनेतून नाताळच्या पाकिटांवर लावायचं जगातलं पहिलं धर्मादाय तिकीट निघालं, तो हा देश. पत्रं आता दाओ ही खासगी कंपनी वाटते. यावर कुणी बॉर्नहोमचं उदाहरण देईल. बाल्टिक समुद्रातलं हे डॅनिश बेट मातीकामासाठी नावाजलेलं आहे, २०१७ मध्ये वर्ल्ड क्राफ्ट्स काउन्सिलने त्याला जागतिक हस्तकला प्रदेशाचा दर्जा दिला, तो मिळवणारं युरोपातलं पहिलं, आणि पत्रांची सेवा गेली म्हणून तिथली चाकं थांबलेली नाहीत. बरोबर आहे. पण बॉर्नहोमवर सुमारे चाळीस हजार माणसं राहतात. जमिनीत स्वतःची माती आणि केओलिन आहे, योर्त घराण्याचा कारखाना १८५९ पासूनचा, नेक्सोला रॉयल डॅनिश अकादमीचं काच आणि मातीकामाचं महाविद्यालय, आणि उन्हाळ्यात वस्तीच्या कितीतरी पट पाहुणे. एवढी गंगाजळी असली की टपालाशिवायही निभतं. ज्या बेटावर दोनशे माणसं, उसनी माती आणि आठवड्याला मोजक्या बोटी, तिथे बॉर्नहोमचा दाखला देणं म्हणजे पुण्याची उदाहरणं वेल्ह्याला लावणं.

आपल्याकडे १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात हलक्या पत्राला अर्धा आणा, देशभर कुठेही, हा दर आला तो हिल यांच्याच धड्यावरून. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा लहान प्रकाशकांची जी धावपळ झाली, आणि मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आल्यावर त्यात काय बसतं आणि नियतकालिकं का बसत नाहीत याची जी विचारपूस झाली, ती या लेखाच्या वाचकाला अपरिचित नाही. आडगावच्या वर्गणीदाराला हा अंक पोचवण्याचा हिशेब त्याच जातीचा आहे. ब्रिटनमध्ये निदान एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे: पहिल्या वर्गाचं तिकीट रॉयल मेल हवं तितकं वाढवू शकते, दुसऱ्या वर्गाच्या दरावर ऑफकॉमने महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली मर्यादा घातली आहे. बेटावरच्या कार्डांचा सगळा हिशेब आज त्या मर्यादेवर चालतो, आणि ती मर्यादाही ठरावीक मुदतीचीच आहे.